पंचावन्न पानांचं झाड

चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या त्या ऑफिसात, चौथ्या मजल्यावर, पँट्रीच्या भिंतीला एक कागदी झाड चिकटवलेलं होतं. कल्पना कीर्तीची, फांद्याही तिनंच कापलेल्या. जिनं पाळीत वापरून फेकायचे पॅड सोडले आणि सिलिकॉनचा कप किंवा धुऊन वापरायचे कापडी पॅड घेतले, तिनं आपल्या नावाचं एक हिरवं पान झाडावर लावायचं, अशी मोहीम. मजल्यावर बासष्ट बायका. तीन महिन्यांत पंचावन्न पानं लागली. पहिलं पान अर्थात कीर्तीचंच, सगळ्यांत वरच्या फांदीवर.

उरलेल्या सात जणींवर जबरदस्ती नको, म्हणून बायकांच्या टॉयलेटमध्ये आरशाखाली पॅडची एक टोपली असे. दर सोमवारी ॲडमिनचा माणूस त्यात चाळीस पॅड टाकून जाई. सात जणींना ते महिनाभर पुरायला हवेत. पण शुक्रवारी टोपलीचा तळ दिसायचा. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ॲडमिनचे गुरुमूर्ती कागदाची पिनसुद्धा मोजून देणारे गृहस्थ. त्यांनी कीर्तीला विचारलं, "मोहीम तुमची. मग पॅड जातात कुठे?"

आता खरं सांगायचं तर त्यातले महिन्याला चार-पाच कीर्तीच उचलायची. कप तिनं आणला होता. तीन महिने झटली बिचारी. एकदा टोचला, एकदा निघेना, आणि एकदा वेलचेरीला जाणाऱ्या शेअर ऑटोत, सहा माणसांच्या मधे बसलेली असताना, दगाच दिला. कापडी पॅडही आणले होते. पण पीजीत बारा मुलींना एक मोरी आणि मालकीणबाईंची सक्त ताकीद, की गच्चीवर 'तसलं' काही वाळत दिसता कामा नये. दमट हवेत खोलीत वाळवले तर कुबट वास येई. कीर्ती मुकाट्यानं जुन्या वाटेला लागली. पान मात्र झाडावर राहिलं. आपल्याच मोहिमेत आपणच नापास झालो हे कुठल्या तोंडानं सांगायचं? ड्रॉवरमध्ये पाकीट ठेवलं तर शेजारची रेवा बघणार. मग टोपली बरी.

रेवा पुण्याची, हिच्यासारखीच दोन वर्षांपूर्वी चेन्नईला आलेली. मजल्यावर मराठी कळणाऱ्या या दोघीच. तिसरी सकवारबाई, साफसफाईची. ती तंजावरकडची, तिथल्या जुन्या मराठी घरांतली. तिचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कीर्ती चमकलीच होती. आपलीच भाषा, पण खापरपणजीच्या तोंडची.

"मला विचारशील तर सकवारबाई," रेवा एक दिवस जेवताना म्हणाली. "संध्याकाळी जाते तेव्हा खांद्याची पिशवी बघितलीस? फुगलेली असते. विकत असणार कुठेतरी."

"तसं काही नसेल गं," कीर्ती म्हणाली. म्हणाली खरी, पण आतून तिला हायसं वाटलं. चोर दुसरं कुणी असेल तर आपले चार-पाच कोण मोजतंय? खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं तिचं झालं होतं. त्या संध्याकाळी लिफ्टपाशी तिनं सकवारबाईच्या पिशवीकडे वाकून पाहिलं. डबा आणि ओलं लुगडं दिसलं. लुगड्याखाली काय होतं ते दिसलं नाही, म्हणून संशय होता तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं आडून आडून विषय काढला. सकवारबाई टॉयलेटमधल्या डब्याची पिशवी बांधत होती.

"आपलं झाड पाहिलंत का, सकवारबाई?"

"पाह्यलें की. पानें फार आलींत, अम्मा," ती म्हणाली. "पर या डब्याचें ओझें कांहीं उणें झालें नाही. रोज मीच ओढत्यें न, मला कळत नाही का?"

ही बाई डबे उपसते. हिला काय काय ठाऊक असेल?

"तुम्ही काय वापरायचात?" तिनं घाईनं बोलणं वळवलं.

"जुन्या लुगड्याच्या चिंध्या. धुवायला आडोसा नाही, वाळवायला ऊन नाही. हे कागदाचें आलें तेव्हां सुटलें म्हटलें. अत्तां तुम्मी शिकलेल्या मुली फिरून कापडाकडे चालल्यात. सरी, असूं दे, तुमच्याकडे आडोसा असेल." ती हसली, आणि ते हसणं कीर्तीला मुळीच आवडलं नाही.

सकवारबाईवरचा संशय गुरुमूर्तींच्याही कानावर गेला असावा; बुधवारी त्यांनी मेल पाठवला. सफाईच्या ठेकेदाराला कळवलं आहे. शुक्रवारपर्यंत खुलासा झाला नाही तर सोमवारपासून चौथ्या मजल्यावरची बाई बदलेल. बदलेल म्हणजे जाईल. चौपन्न वर्षांच्या बाईला ठेकेदार दुसरीकडे कुठे लावणार? अकरा वर्षं ती याच इमारतीत फरशी पुसत होती.

कीर्तीला वाटलं, निदान पुरावा तरी हवा. गुरुवारी सकाळी ती लवकर आली. त्या आठवड्याची टोपली तोवर रिकामी झालीच होती, म्हणून तिनं ॲडमिनकडून चाळीस जादा पॅड मागून घेतले, प्रत्येक वेष्टनाच्या कोपऱ्यात निळ्या पेनानं बारीक ठिपका काढला आणि टोपलीत रचून ठेवले. संध्याकाळी सकवारबाईच्या पिशवीत ठिपका दिसला की काम झालं.

ठिपका दिसला, पण दुपारीच. रेवा मीटिंगमध्ये अडकली होती. तिनं फोनवरून सांगितलं, "माझ्या बॅगेतला चार्जर आणून दे ना." कीर्तीनं बॅगेचा बाहेरचा कप्पा उघडला. चार्जरखाली तीन पॅड होते. तिन्हींच्या कोपऱ्यात निळा ठिपका.

मग तिची नजरच बदलली. टेस्टिंगच्या टीमलीडच्या पाऊचमधून डोकावणारं वेष्टन, ठिपका. वॉशबेसिनपाशी एकीच्या मुठीतून निसटलेलं, ठिपका. सगळ्या पानवाल्या. कुणी एक न्यायची, कुणी दोन, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपण सोडून बाकी सगळ्या सुधारल्या. कीर्तीला हसावं की रडावं कळेना. तिच्या झाडाला पंचावन्न पानं नव्हती, पंचावन्न लाजा होत्या.

संध्याकाळी तिनं रेवाला जिन्यात गाठलं.

"कप वापरतेस ना तू?"

"म्हणजे काय. पान नाही का लावलं?"

"बॅगेतले तीन कुणाचे मग?"

रेवाचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "अगं, मैत्रिणीसाठी घेतले. आणि माझी बॅग काय तपासतेस? मी कधी विचारलं का, तू दर महिन्याला पर्स न घेता टॉयलेटला जाऊन इतका वेळ काय करतेस?"

म्हणजे रेवाला ठाऊक होतं. कधीपासून, ते विचारायची कीर्तीला हिंमत झाली नाही.

"आपण दोघी उद्या सांगू या," ती म्हणाली. "दोघींनी सांगितलं की बाकीच्याही सांगतील. ती बाई फुकट जाईल गं."

"बघू," रेवा म्हणाली आणि खाली उतरली.

जाताना कीर्तीला जिन्याचा कठडा पुसणारी सकवारबाई भेटली. कीर्तीनं विचारलंच, "तुम्हाला ठाऊक आहे ना कोण नेतं? मग गुरुमूर्तींना सांगत का नाही?"

"ठावें आहे. पर बायकांचें झाकलेलें बायकांनीं उघडूं नये," सकवारबाई म्हणाली. "माझें काय, मुरुगन देव पाहील." पण मघापासून पुसलेला कठडाच ती पुन्हा पुसत राहिली. कीर्तीला स्वतःची शिसारी आली.

शुक्रवारी चार वाजता गुरुमूर्तींनी सगळ्या बायकांना मोठ्या खोलीत बोलावलं. सकवारबाईला दाराशी उभं केलं होतं. सगळं इंग्रजीत चाललं होतं, त्यातलं तिला काय कळत होतं कोण जाणे.

"कुणाला काही सांगायचं आहे?" गुरुमूर्ती वहीत तारीख घालत म्हणाले.

कीर्ती उभी राहिली. "सर, सकवारबाईंनी काही घेतलेलं नाही. मी घेतले. मला कप जमला नाही. महिन्याला चार-पाच घेत होते."

गुरुमूर्तींनी चष्म्यावरून पाहिलं. "चार-पाच. आठवड्याला चाळीस जातात. बाकीचे कुणी नेले?"

कीर्तीनं रेवाकडे पाहिलं. रेवा पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होती. टेस्टिंगच्या टीमलीडला फोनमध्ये फार महत्त्वाचं काहीतरी सापडलं होतं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या होत्या. त्यांच्यावर रागवावं तरी कसं? कालपर्यंत तीही यांच्यातच बसली होती.

"तुम्हाला माहीत नसेल, तर मी ठेकेदाराला फोन करतो," गुरुमूर्ती म्हणाले.

"सगळे मीच," कीर्ती म्हणाली. "दर आठवड्याला. घरी नेत होते."

कुणीतरी श्वास सोडला. तो एकीचा नव्हता, पुष्कळ जणींचा होता. कीर्तीचे कान तापले. आता फाइलीत नाव जाणार, मोहिमेतून नाव कटणार, आणि याच बायका उद्यापासून तिच्यासमोर पर्स जवळ ओढून बसणार.

दाराशी सकवारबाई पुढं झाली. नीट इंग्रजी येत नसेल, पण 'ऑल' आणि 'आय' तिला कळलं होतं. गुरुमूर्तींना समजू नये म्हणून ती मराठीत बोलली. "खोटें कां सांगतीस, पोरी? तुझे चार. उरलेल्यांचें ओझें तूं कां घेतीस?"

कीर्तीनं तिच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली.

"काय म्हणाली ती?" गुरुमूर्तींनी लिहिता लिहिता, मान वर न करता विचारलं.

रेवानं बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"ती म्हणते आहे, मला आधीपासून हिचाच संशय होता."

गुरुमूर्तींनी मान डोलावली आणि तेही लिहून घेतलं.