डाव्या करंड्यातलं कुंकू

क्लबहाऊसच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. ओहायोतल्या डब्लिनच्या या नव्या वस्तीतली शंभरेक माणसं रविवारची दुपार, पोरांचं सॉकर आणि आठवड्याची ग्रोसरी सोडून जमिनीवर मांडी घालून बसली होती. समोर सुमंतबाबांनी एका इंजिनिअरचा हात वर धरला होता. मनगटावर पाण्यानं भरलेले टपोरे फोड होते, बरोबर टिळ्याएवढ्या गोलात.

"हा नववा," बाबा म्हणाले. "वस्तीवर देवीचा नववा ठसा."

मग त्यांनी डोळे मिटले, मान घुमवली आणि दर सत्संगाप्रमाणे त्यांच्या अंगात इथला जुना आदिवासी सरदार आला. या मातीखाली म्हणे त्याचं गाव होतं. गोऱ्यांनी देवीची साथ आणली आणि एका हिवाळ्यात गाव संपलं. "आमच्या हाडांवर तुम्ही किचन बांधलीत," सरदार गुरगुरला. "गोऱ्यांनी सुया टोचून आमची लेकरं मारली. तुमच्या लेकराला सुई लागली, की आम्ही उठू." अडीचशे वर्षांपूर्वी मेलेला ओहायोचा सरदार शुद्ध मराठी बोलतो, याचं त्या सुशिक्षितांत कुणालाच काही वाटलं नाही.

मागे खुर्चीवर बसलेल्या रेखाताईंना हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्या निवृत्त बालरोगतज्ज्ञ. कालच ॲन आर्बरहून मुलाकडे आल्या होत्या आणि आल्या आल्या त्यांना कळलं होतं, की तेरा महिन्यांच्या नातीची, अनयाची, गोवराची लस सुनेनं, आसावरीनं, कॅन्सल केली आहे. शहरात गोवराचे पेशंट वाढत होते. मुलगा टूरवर होता. अनया या क्षणी सुनेच्या मांडीवर बसून रिकामी बाटली चोखत होती.

"आई, मीही आधी हसले होते," आसावरी सकाळी म्हणाली होती. "मी त्यांना प्रूफ विचारलं. त्यांनी मनगटावर कुंकू लावलं, म्हणाले, ते सरदारच देतील. तिसऱ्या दिवशी हे." तिच्याही मनगटावर तसाच गोल होता, आता सुकत आलेला. "अर्जंट केअरचा डॉक्टर म्हणाला, पॉयझन आयव्हीची वेल लागली. पण मी बागेत गेलेच नव्हते, यार. अनयाला काही झालं तर?"

"बाकीच्यांनी काय केलं होतं?"

आसावरी विचारात पडली. "काही ना काही विचारलंच होतं सगळ्यांनी."

तेवढ्यात रेखाताईंची नजर तिच्या पांढऱ्या कुर्त्याच्या बाहीवर गेली होती. तिथे एक काळा डाग होता. तीनदा मशीनला लावूनही गेला नाही, आसावरी म्हणाली. असले डाग रेखाताईंनी पन्नास वर्षांपूर्वी रोज पाहिले होते, नागपूरच्या होस्टेलमध्ये, धोब्यानं चादरींच्या कोपऱ्यांवर खुणेसाठी घातलेले.

त्या उठल्या आणि वाट काढत पुढे आल्या. "बाबा, मला पुरावा हवा आहे." त्यांनी मनगट पुढे केलं.

बाबा मायेनं हसले. पुढ्यात चांदीचे दोन करंडे होते. त्यांचा हात डाव्याकडे गेला.

"थांबा. आधी त्यातलं तुमच्या हाताला लावा."

"आजी, माझ्याभोवती कवच आहे. तुमची फ्रिक्वेन्सी वेगळी, माझी वेगळी."

"कवच आहे तर काहीच होणार नाही. लावा."

बाबांचा हात करंड्यावरच राहिला. शंभर माणसं त्या हाताकडे बघत होती. बाबा सरदाराला हाक मारू लागले, पण सरदार येईना.

रेखाताईंनी दोन्ही करंडे उचलून पहिल्या रांगेला दाखवले. "उजव्यातलं कुंकू कोरडं आहे, डाव्यातलं तेलकट. हे बिब्याचं तेल आहे, धोबी कपड्यांवर खूण करतात ते. ज्यानं शंका काढली, त्याला डावा करंडा. बिबा उतला की असेच फोड येतात. पॉयझन आयव्ही बिब्याच्याच कुळातली, म्हणून इथल्या डॉक्टरला तसं वाटलं. देवीचा फोड असा नसतो. मी इंटर्न असताना बिहारमध्ये घरोघर फिरून देवीचे पेशंट शोधले आहेत. तो रोग जगातून गेला, तो सुईमुळेच."

"पण त्या लोकांना सुयांनीच मारलं ना?" कुणीतरी विचारलं.

"खोटं आहे. ओहायोत देवी पसरली तेव्हा लस निघालीच नव्हती. शेजारच्या राज्यातल्या एका किल्ल्यातून देवीच्या रुग्णांची पांघरुणं या लोकांना भेट म्हणून दिली होती, त्याची लेखी नोंद आहे. पुढे लस आली. सरकारनं ती काही जमातींना टोचली, पण मिसूरी नदीच्या वरच्या अंगाच्या मंडान लोकांना मुद्दाम वगळलं. पाच वर्षांनी बोटीतून देवी आली. दीड-दोन हजारांतले शे-दीडशे उरले. माझ्याबरोबर वीस वर्षं काम केलेली नर्स लोरेटा त्या उरलेल्यांची वंशज. तिच्या माणसांची यानं भुतं केली. ती माणसं आजही जिवंत आहेत, आणि लोरेटा जन्मभर मुलांना लस टोचत आली."

मागून कुणीतरी हसलं, सुटल्यासारखं. मग आणखी दोघं हसले. बाबा शाल सावरत बाजूच्या दाराकडे सरकले. त्याच वेळी तिसऱ्या रांगेतून खोकला ऐकू आला, कोरडा, न थांबणारा.

आसावरीच्या शेजारणीच्या, रुपालीच्या, खांद्यावर तिचा दीड वर्षाचा नकुल पडला होता. डोळे लाल, नाक वाहतंय, अंग तापलेलं. तिनंही बाबांचं ऐकून त्याला गोवराची सुई टोचून घेतली नव्हती.

"काकू, अजून फोड नाहीत त्याला," ती घाईनं म्हणाली. "बाबांनी अंगारा दिलाय."

रेखाताईंनी फोनचा टॉर्च लावून त्याचं तोंड उघडलं. गालाच्या आत, दाढांपाशी, लाल कातडीवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके होते. असे त्यांनी इथे तीस वर्षांत पाहिले नव्हते.

"गोवर आहे," त्या म्हणाल्या. हसणं थांबलं. "रुपाली, हॉस्पिटलला आधी फोन कर, तसंच आत नेऊ नकोस. ज्यांचे दोन डोस झालेत, त्यांनी घाबरू नका. ज्यांच्या मुलांना टोचलेलं नाही, त्यांनी ऐका: आपण आत्ता घेतोय ती हवा त्या मुलांनीही घेतली आहे. तेव्हापासून बहात्तर तासांत लस मिळाली तर बहुतेक वेळा वाचवते."

"म्हणजे बुधवारपर्यंत वेळ आहे," आसावरी म्हणाली.

रेखाताई रुपालीकडे वळल्या. "हा याआधी इथे कधी होता?"

"गुरुवारच्या आरतीला. संध्याकाळी सहा वाजता. तेव्हा नुसतं नाक वाहत होतं."

"अनया होती?"

आसावरीनं होकाराची मान हलवली. तिनं अनयाला छातीशी इतकं आवळलं, की पोर रडू लागली. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले होते.

"तीन तास," रेखाताई म्हणाल्या. "गुरुवारपासूनचे बहात्तर तास आज सहाला संपतात." त्यांनी हॉलकडे पाहिलं. पुष्कळजण अजून दाराकडे बघत होते, बाबा परत येतील म्हणून. "तुम्ही दोन करंडे समोर असताना ते उघडून पाहिले नाहीत. आता तरी डोक्यानं चाला. मुलांची कार्डं काढा, तारखा बघा, फोन करा. मंडान बायकांच्या लेकरांपर्यंत ही सुई कुणी येऊ दिली नाही. तुमच्या लेकरांसाठी ती फ्रिजमध्ये तयार होती आणि तुम्ही अपॉइंटमेंट कॅन्सल केलीत."