नऊ नंबरचा फोन

वनजाने दोन आलेख प्राचार्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यात माहितीचे मोठाले लोंढे एकाच बाजूने येत होते आणि मध्ये शांतता होती. दुसऱ्यात दोन्ही बाजूंनी बारीक, अखंड ये-जा होती. पहिला पिक्चर, दुसरा व्हिडिओ कॉल, असं तिने सांगितलं.

बन्नीमंटपजवळच्या त्या कॉलेजात ती नेटवर्क सांभाळायची. मुली पिक्चर बघत बसतात म्हणून प्राचार्य येसाजीरावांनी वसतिगृहातला सगळाच व्हिडिओ बंद करायला लावला होता. पहिल्या वर्षाच्या भव्याला ऐकू येत नसे. तिच्या कोळ्ळेगालच्या आईलाही नाही, आणि आईला वाचताही येत नव्हतं. दोघी खुणांनी बोलत. आई कामावरून सातला यायची, आणि बाहेर जाऊन कॉल करावा तर वसतिगृहाचं फाटक सहालाच बंद व्हायचं. तीन आठवड्यांनी भव्याने कॉलेज सोडण्याचा अर्ज दिला, आणि वनजा आलेख जमवायला लागली.

पिक्चर अडवून कॉल तेवढे सोडता येतील, हे तिचं म्हणणं येसाजीरावांना पटेना. त्यांनी तिची परीक्षाच घ्यायची ठरवलं. एका संध्याकाळी सातला बंदी तासभर उठवली. बारा मुलींच्या फोनना नंबर देऊन त्यांना चिठ्ठ्या दिल्या, कुणी पिक्चर लावायचा, कुणी कॉल. यादी त्यांच्या खिशात होती. वनजाने प्रयोगशाळेत बसून, नुसत्या आकड्यांवरून, कुठल्या फोनवर काय चाललंय ते लिहायचं.

वीस मिनिटांनी त्यांनी तिचा कागद यादीशी ताडून पाहिला.

"अकरा बरोबर. नऊ नंबर तेवढं चुकलं की गं. पिक्चर सांगितलेला मी."

वनजाने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. खोडायला उचललेलं पेन तिने खाली ठेवलं.

"नाही सर. नऊवर कॉलच चाललाय."

"हौदा? खरंच? आत डोकावलीस काय तू?"

"आतलं मला दिसतच नाही. जाणं-येणं तेवढं दिसतं."

दोघं वसतिगृहाचा जिना चढले. नवव्या फोनच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. खिडकीला फोन टेकवून भव्या भराभर हात चालवत होती. चिठ्ठी तिच्या पायाशी पडली होती. पडद्यावरची बाई हसत होती, डोळे पुसत होती, पुन्हा हात चालवत होती.

येसाजीरावांनी यादी काढली, नवव्या ओळीतला 'पिक्चर' खोडला.

"बारा," ते हळूच म्हणाले. "कॉल सगळे सोड गं. आजच."

तेवढ्यात पडद्यावरच्या बाईची नजर दाराकडे गेली. तिने हात जोडले. भव्याने दचकून मागे पाहिलं आणि फोन झाकायला हात पुढे केला. येसाजीरावांनी घाईघाईने कागद-पेन वनजाकडे दिलं आणि पडद्याकडे बघत दोन्ही हात जोडले.