तीन चाकांची तक्रार

शहराची संस्कृती त्याच्या सायकल मार्गांवरून ओळखली जाते, असे नव्या सायकल मार्गाच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुण्यांनी शाहूपुरीतल्या मंडपात सांगितले तेव्हा टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत सायकलवर आलेला माणूस एकच होता, मिक्सर दुरुस्त करणारा हंबीरराव, आणि त्याच्या सायकलला चाके तीन होती. पाय लहानपणीच पोलिओने नेलेले, त्यामुळे ती तो हातांनी फिरवायचा.

इतकी वर्षे रोज सकाळी त्याची बायको शालूबाई मागून चालत, हात वर करून गाड्या थांबवत त्याला दुकानापर्यंत पोचवायची. नवा मार्ग थेट गल्लीच्या तोंडापासून दुकानापर्यंत गेला.

"आता जातो की माझा मी," हंबीरराव म्हणाला.

दोन दिवस शालूबाई गल्लीच्या तोंडाशी उभी राहून बघत होती. मग तिने खानावळीत भाकऱ्या थापायचे काम धरले. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघांच्या सकाळी वेगळ्या झाल्या आणि रात्री जेवताना एकमेकांना सांगायला काहीतरी उरू लागले.

पुढे तो मार्ग मोटारसायकलवाल्यांनाही आवडला.

"ओ पावणं, साईड द्या की! रस्ता काय तुमच्या एकट्याचा हाय?"

खरे तर होता. पण हे सांगेपर्यंत माणूस पुढे गेलेला असे. हंबीररावाने कुबड्या टेकत महापालिकेच्या सायकल कक्षात जाऊन तक्रार केली. अभियंता अभिराम साहेबांनी चहा पाजला आणि आठवड्याच्या आत कारवाईही केली. तिथेच घोटाळा झाला.

मोटारसायकली अडवायला मार्गाच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवले गेले. हंबीररावाची सायकल दोन खांबांच्या मध्ये जाऊन अडकली.

"मर्दा, माप बघून यायचं न्हाय व्हय?" मागचा मोटारसायकलवाला म्हणाला. त्याने उतरून सायकल मागे ओढून दिली, मग हँडल जरा तिरके करून स्वतः आत गेला.

"खांब काढा साहेब, माझी सायकल जाईना," हंबीरराव पुन्हा कक्षात जाऊन म्हणाला.

"काढता येत नाहीत. नागरिकांच्या तक्रारीवरून बसवलेत."

"कुठल्या नागरिकांच्या?"

"तुमच्याच की."

"मग मीच सांगतोय न्हवं, काढा!"

"काढले तर तुमच्या तक्रारीची दखल घेतली नाही, असं होईल."

"मोटारसायकली जात्यात त्यातनं! मी तेवढा अडकतोय!" हंबीररावाने टेबलावर मूठ आपटली.

"तुम्ही दोन चाकांची का घेत नाही?" साहेबांनी विचारले. मग त्यांची नजर कुबड्यांवर गेली आणि त्यांनी चहा मागवला. हंबीररावाने तो घेतला नाही.

"उद्या येते तुमच्यासंगं," रात्री शालूबाई म्हणाली.

"न्हाय. तुझं काम हाय."

"काम हाय की. पर नवरा बी एकच हाय."

दुसऱ्या दिवशी हंबीरराव मोठ्या रस्त्यावर होता आणि त्याच्यामागे शालूबाईचा हात वर. त्या रात्री दोघे गप्प जेवले. सकाळ दोघांनी पाहिलेलीच होती.

खानावळीत आता शालूबाईच्या जागी स्वप्नाली भाकऱ्या थापते. तिचा नवरा तिला रोज मोटारसायकलवरून सोडतो. सायकल मार्गाने.