अल् घुब्रातली पाणबुडी

मित्रांनो, 'मी एक जुनी जर्मन पाणबुडी आहे' अशी झोकात सुरुवात करायची मला फार हौस होती. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मी जर्मन नाही आणि जुनीही नाही. माझा जन्म मस्कतमध्ये, अल् घुब्रातल्या एका भाड्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत झाला. माझं अंग एसीचं पाणी वाहून नेणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपचं आहे, नाक शाम्पूच्या बाटलीच्या टोपणाचं आहे आणि डेकवरची तोफ म्हणजे एक खिळा आहे. तरीही मला बघून लोक थबकतात. मी दिसायला देखणी आहे, हे मी नाही सांगायचं तर कोणी सांगायचं?

मला घडवलं ऋचाने आणि तिच्या बाबांनी. ऋचा नववीत शिकते. तिचे बाबा प्रताप सोहारच्या बंदरात इंजिनिअर आहेत. आठवडाभर ते तिकडेच राहतात आणि गुरुवारी संध्याकाळी घरी येतात. मग शुक्रवार-शनिवार बाल्कनीत नुसती खाटखूट चालायची. ऋचाची आई किशोरी आतून ओरडायची, "अरे, कपडे वाळत घातलेत तिथे! रंग उडवू नका!" रंग उडायचाच.

सुरुवातीलाच बापलेकीचं वाजलं. प्रतापना सातव्या प्रकारची पाणबुडी करायची होती. "तिचे नकाशे पटकन मिळतात ऋचा. यल्ला, चल, तीच करू आणि मोकळे होऊ," ते म्हणाले.

"नो बाबा," ऋचा म्हणाली. "आपल्या समुद्रात आली होती ती नववी होती. मला तीच पाहिजे."

आणि मी नववी झाले. माझं भाग्य बघा! आता मी सांगते आमच्या घराण्याबद्दल, कारण त्याबद्दल मी मुळीच लाजत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने तऱ्हेतऱ्हेच्या पाणबुड्या बांधल्या आणि त्यांना आकडे दिले. दुसऱ्या प्रकारच्या अगदी चिमुकल्या, किनारा सोडून लांब न जाणाऱ्या. सातव्या सगळ्यात जास्त, सातशेच्या वर. अटलांटिकमध्ये टोळीने फिरून जहाजांचे तांडे गाठायच्या त्या याच. चौदाव्यांकडे पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, नव्हतेच. दुसऱ्या पाणबुड्यांना भरसमुद्रात तेल आणि खाणं पुरवायचं एवढंच त्यांचं काम. खलाशी त्यांना दुभत्या गाई म्हणायचे. एकविसाव्या सगळ्यांत हुशार, पाण्याखाली झपाट्याने पळणाऱ्या, पण त्या तयार होईपर्यंत युद्ध संपत आलं होतं. आणि आम्ही नवव्या! लांब पल्ल्याच्या. आफ्रिकेला वळसा घालून थेट हिंदी महासागरात उतरलेल्या. आमच्या घराण्याने एकूण अडीच हजारांहून जास्त व्यापारी जहाजं बुडवली. हा आकडा ऋचाने मोठ्याने वाचला, तेव्हा माझा रंग अजून ओलाच होता, पण छाती फुगली.

पुढचा आकडा तिने हळू वाचला. त्या पाणबुड्यांवर गेलेल्या दर चार माणसांपैकी तीन परत आली नव्हती. मी तो आकडा फारसा मनावर घेतला नाही. घराण्याचा मोठेपणा ऐकताना असले आकडे कोण मनावर घेतं?

माझ्या पोटात एक फुगा आहे. फुग्याला सलाइनची बारीक नळी जोडलेली आहे आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला इंजेक्शनची मोठी सिरिंज. सिरिंजचा दट्ट्या ओढला की फुग्यातली हवा निघून जाते, पोटाखालच्या भोकांतून पाणी आत शिरतं आणि मी बुडते. दट्ट्या दाबला की फुगा फुगतो, पाणी बाहेर पडतं आणि मी वर येते. तोल साधावा म्हणून प्रतापनी मत्रहच्या मासळी बाजारातून गळाला लावायची शिशाची वजनं आणली होती. बाथरूमच्या टबमध्ये मी इतक्या वेळा बुडून वर आले की किशोरीने शेवटी विचारलं, "आंघोळ करायची परवानगी मिळेल का आम्हाला?"

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगते. इथलं मराठी मंडळ दसऱ्याच्या निमित्ताने मुलांचा कार्यक्रम ठेवतं. मुलांनी स्वतः केलेली वस्तू आणायची आणि तिच्याबद्दल मराठीत बोलायचं; छान बोलणाऱ्याला बक्षीस. सूत्रसंचालक शिरीषकाका हातात पूजेची घंटा घेऊन बसतात. इंग्रजी शब्द आला की घंटा वाजते. सगळ्यांना त्यात गंमत वाटते, बोलणाऱ्याला सोडून. आदल्या वर्षी ऋचा स्वतः केलेल्या दुर्बिणीबद्दल बोलायला उभी राहिली होती. घंटा इतकी वाजली, आणि लोक इतके हसले, की ती अर्ध्यातच खाली उतरली आणि गाडीत जाऊन रडली. त्यानंतर चारचौघांत ती मराठी बोलेनाशी झाली होती. कोकणातल्या आजीचा फोन आला तरी 'हो' आणि 'नाही' यावरच भागवायची. या वर्षी तिने स्वतःहून नाव दिलं होतं. बोलणं शेवटपर्यंत न्यायचं, एवढी एकच गोष्ट तिला करून दाखवायची होती.

ती रोज माझ्यासमोर बसून घोकायची. "पेरिस्कोप... परिदर्शक. पाणतीर. हा माझा पाणबुडी... ही माझी पाणबुडी." मी मनातल्या मनात तिला शाबासकी द्यायचे.

दसरा गुरुवारी आला आणि कार्यक्रम शुक्रवारी सकाळी होता. किशोरी कोकणातली. दसऱ्याला घरातल्या हत्यारा-अवजारांची पूजा झालीच पाहिजे, मग घर मस्कतमध्ये का असेना. तिने पाट मांडला. त्यावर प्रतापचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, मिक्सरचं भांडं, ऋचाची कंपासपेटी आणि मधोमध मी. मला नाकावर हळदकुंकू लावलं, तोफेला झेंडूचं फूल अडकवलं. इतका मान सातव्या प्रकारच्या कुठल्या पाणबुडीला मिळाला असेल?

मग तिने आमच्यावर अक्षता टाकल्या. कुंकवात भिजवलेले तांदूळ. सिरिंज काढून ठेवली होती आणि माझ्या डेकवरच्या बुरुजातून वर आलेल्या नळीचं तोंड उघडं होतं. एक दाणा नेमका तिथे पडला आणि घसरत घसरत फुग्याच्या तोंडापाशी जाऊन बसला. कोणाच्या लक्षात आलं नाही. मला कळलं, पण मला तेव्हा कोण विचारणार?

रात्रीचं जेवण व्हायच्या आत ऋचा म्हणाली, "आई, एकदा लास्ट ट्रायल घेते हं टबमध्ये."

"आज नाही," किशोरी म्हणाली. "पूजेला बसलेल्या वस्तूला आज हात लावायचा नाही. आज त्यांना विश्रांती."

"अगं पण..."

"तुझे बाबासुद्धा आज लॅपटॉप उघडणार नाहीत. विचार त्यांना."

प्रताप ही संधी सोडणार होते थोडेच! ते सोफ्यावर आडवे झाले आणि मी दाण्यासकट पाटावर राहिले. सकाळी उठायला उशीर झाला, किशोरीची साडी नेसून होईना, आणि ट्रायल राहूनच गेली.

हॉल भरला होता. स्टेजवर वरच्या मजल्यावरच्या देवानंदकाकांची काचेची मोठी टाकी पाण्याने भरून ठेवली होती. एरवी तिच्यात त्यांचे मासे असतात. त्या दिवशी ते बादलीत होते. ऋचाने सिरिंज जोडून हळूहळू हवा भरली, ती दाण्याच्या कडेने कशीबशी फुग्यात गेली, आणि मग तिने मला पाण्यात सोडलं.

पण ती बोलली. काय सुरेख बोलली! आमचं घराणं सांगितलं, परिदर्शक दाखवला, पाणतीर म्हणजे काय ते सांगितलं. शिरीषकाकांची घंटा मांडीवरच राहिली. शेवटी ती म्हणाली, "एकोणीसशे त्रेचाळीसच्या ऑक्टोबरमध्ये अशीच एक नववी पाणबुडी ओमानच्या आखातात होती. आपल्या समुद्रात. इंग्रजांच्या विमानाने तिच्यावर बॉम्ब टाकले आणि ती अशी खाली गेली." तिने दट्ट्या ओढला. दाणा जरा बाजूला सरला, हवा निघाली, आणि मी अशी डौलात बुडाले की पहिल्या रांगेतली मुलं उभी राहिली.

"आणि आता माझी पाणबुडी वर येईल," ऋचा म्हणाली आणि तिने दट्ट्या दाबला.

दाणा पुन्हा फुग्याच्या तोंडाशी जाऊन घट्ट बसला. हवा येईना. तिने जोर लावला, दोन्ही हातांनी लावला. मी तळाशी पडून होते. मित्रांनो, माझ्यासारख्या देखण्या पाणबुडीवर ही वेळ यावी! मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

"बाबा, स्टक झालंय," ऋचा म्हणाली. घंटा किणकिणली. सवयीने वाजली असेल, पण हॉलमध्ये हशा पिकला. ऋचाने स्टेजच्या पायऱ्यांकडे बघितलं. ती उतरणार, हे मला काचेतून स्पष्ट दिसत होतं.

प्रताप बाह्या सरसावत वर आले आणि त्यांनी टाकीत हात घालायला घेतला.

"नका काढू, बाबा," ऋचा एकदम म्हणाली. तिने माइक तोंडाजवळ घेतला. "ती वर नाही येत आहे. खरी पण वर आली नव्हती. आत बावन्न लोक... ते मेले. एकच माणूस बाहेर पडला आणि स्विम करत... पोहत किनाऱ्यावर आला. बाकीचे अजून तिथेच आहेत. अशीच आहे ती, खाली."

सगळे माझ्याकडे बघत होते आणि पहिल्यांदाच मला ते नकोसं वाटलं. माझ्या पोटात फक्त एक फुगा आहे. पण दर चारांतले तीन म्हणजे काय, ते मला त्या टाकीच्या तळाशी कळलं.

मागून राजीवकाकांचा आवाज आला. त्यांना प्रत्येक कार्यक्रमात काहीतरी बोलायचं असतंच. "अगं, पण ते हिटलरचेच लोक ना? बुडले ते बरंच झालं की!"

तेवढ्यात मधल्या रांगेतून किशोरी उठली. ती कधी कार्यक्रमात बोलत नाही; पदर सारखा करत ती उभी राहिली.

"मला त्या जर्मनांचा काही पुळका नाही हं," ती म्हणाली. "आमच्या आजोबांचे थोरले भाऊ बोटीवर खलाशी होते. हर्णैच्या बाजूचे कितीतरी जण मुंबईला जाऊन साहेबाच्या बोटींवर चढायचे. त्या लढाईत त्यांची बोट पाणबुडीने बुडवली. तार आली, माणूस आला नाही. त्यांची आई म्हातारी होईपर्यंत बंदरावर जाऊन बसायची, असं सांगतात घरी. म्हणून सांगते, राजीवभाऊ, खाली गेलेला माणूस कोणाचा का असेना, बरं झालं असं नका म्हणू. त्यालाही कोणीतरी असंच बंदरावर बसून शोधलं असेल."

राजीवकाकांनी मान खाली घातली. ऋचा आईकडे बघतच राहिली.

"तू मला कधीच सांगितलं नाहीस," ती माइकमध्येच म्हणाली.

"तू एवढ्या हौसेने करत होतीस गं. कशाला सांगू?"

मित्रांनो, जिच्या घरातला माणूस माझ्या घराण्याने नेला, तिने आदल्या दिवशी मला कुंकू लावलं होतं. मुलीने केली आहे म्हणून लावलं होतं. अडीच हजार जहाजांचा आकडा ऐकून फुगलेली माझी छाती तिथे, पाण्याखाली, पार बसली.

"त्यांचं नाव काय होतं?" ऋचाने विचारलं.

"गणपत. सगळे गणू म्हणायचे."

शिरीषकाका हळूच म्हणाले, "ऋचा, हे आधी माहीत असतं, तर ही पाणबुडी केली असतीस का?"

ऋचाने खराखुरा विचार केला. घाई केली नाही. "हो, केली असती," ती म्हणाली. "पण मग त्यांचं जहाज पण केलं असतं. नुसती पाणबुडी करून स्टोरी... गोष्ट पूर्ण नाही होत. थँक्यू."

दोन इंग्रजी शब्द, पण घंटा वाजली नाही. टाळ्या वाजल्या, आणि ऋचा शेवटपर्यंत बोलून, पायऱ्या एकेक करून शांतपणे खाली उतरली.

घरी आल्यावर प्रतापनी माझं पोट उघडलं आणि चिमट्याने तो लाल दाणा बाहेर काढला. किशोरीने कपाळाला हात लावला. "अगं बाई! म्हणजे मीच बुडवली!" ती म्हणाली, आणि तिघं हसत सुटली. त्या हसण्यात मीही मनातून सामील झाले, कारण बक्षीस हुकलं तरी आमच्या घरात त्या दिवशी कोणी गाडीत बसून रडलं नव्हतं.

त्यानंतर बाल्कनीत पुन्हा खाटखूट सुरू झाली. आता हॉलमधल्या कपाटावर माझ्या शेजारी एक मालवाहू जहाज उभं आहे. त्याचं धुराडं किंचित वाकडं आहे आणि रंगाबद्दल तर मी बोलतच नाही. दिसायला अजूनही मीच उजवी. त्याच्या डेकवर ऋचाने काडीपेटीच्या काडीचा एक माणूस चिकटवला आहे. आजीचा फोन आला की ती कपाटापाशी उभी राहून विचारते, "आजी, गणूआजोबा अजून कसे होते गं? सगळं सांग." आणि अडखळत, चुकत, कितीतरी वेळ बोलत राहते.

मित्रांनो, तुम्हीही पाणबुड्या करा, रणगाडे करा, विमानं करा. आम्हाला नीट सांभाळा, धूळ पुसा, आणि नळीत तांदूळ तेवढे टाकू नका. आमच्या पराक्रमाचे आकडे खुशाल पाठ करा. मला ते ऐकायला अजूनही आवडतं. पण आम्हाला कपाटावर एकटं ठेवू नका. आमच्या शेजारी ते जहाज ठेवा, आणि त्यावरच्या माणसाचं नाव काय होतं, ते घरातल्या मोठ्यांना विचारून घ्या. त्यांना माहीत असतं. कोणी विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत.