आईच्या डोक्याची मागची बाजू

"आई, मी माझ्या केसांची एक बट जांभळी करू का?"

प्रश्न विचारून भोंग्याने खांदे पार कानांपर्यंत वर घेतले, डोळे मिटले आणि वीज पडायची वाट बघितली. वीज काही पडली नाही. आई नुकतीच कामावरून आली होती. पायातली चप्पलही न काढता ती पलंगाच्या कडेवर टेकली होती, पिशवी तशीच मांडीवर. तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

"कर," ती म्हणाली.

"अगं, जांभळी म्हणाले मी. जांभळी!"

"ऐकलं गं. कर. आणि जरा हळू बोल, डोकं ठणकतंय."

आता खरं सांगायचं तर हा प्रश्न भोंग्याचा नव्हताच. शाळेतून येताना दोन मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात मारला होता. एक वकिलीणबाई, जी आकाश निळं आहे म्हटलं तरी "कशावरून?" विचारायची, आणि दुसरी गोगलगाय, जिच्यासाठी सगळ्यांना दर वळणावर थांबावं लागायचं. "एवढा मोठा आवाज आहे ना तुझा, मग आईसमोर काढून दाखव," असं म्हणून त्यांनी पैज लावली होती. हरलो तर आठवडाभर तुझं दप्तर उचलू.

आवाजाचं म्हणाल, तर तो होताच मोठा. गेल्या वर्षापर्यंत ही पोरगी शाळेत 'हजर' म्हणायलाही लाजायची. मग वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी भाषण करणारी मुलगी आजारी पडली, बाईंनी हिला ढकलून मंचावर उभं केलं, ऐन वेळी माईक बंद पडला, आणि हिचा आवाज शेवटच्या रांगेच्याही मागे, फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत पोचला. तेव्हापासून ती भोंगा. दुसरी कुणी असती तर रडली असती, हिने ते नाव पदकासारखं मिरवलं. आपल्याला आवाज आहे हे कळायला तिला इतकी वर्षं लागली होती, आता ती गप्प कशाला बसेल?

मैत्रिणी खाली जिन्यात थांबल्या होत्या. भोंगा दोन दोन पायऱ्या उतरत आली.

"जिवंत आहेस!" गोगलगाय म्हणाली. "गालावर बोटं पण नाहीत."

"हो म्हणाली."

"काय सांगतेस!"

"शप्पथ. 'कर' म्हणाली. दोनदा."

वकिलीणबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "तुझी आई? वेणी सैल घातली तर माघारी बोलावते, ती तुझी आई? बरी आहे ना गं ती?"

भोंगा हसली, पण ते हसू पुरतं बाहेर आलं नाही. पैज जिंकली होती, दप्तर फुकटात उचललं जाणार होतं, आणि तरी जिना ती एकेक पायरी करत चढली. भांडायला कंबर कसून जावं आणि समोरच्याने दार सताड उघडं टाकून झोपी जावं, तसं काहीतरी झालं होतं. वर आली तेव्हा आई खरंच झोपली होती. बसल्या जागी कलंडून, चपलेसकट.

हे अलीकडे वरचेवर व्हायला लागलं होतं. आई बोलता बोलता हरवायची. भाजीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. बाबा म्हणायचे, "दुकानात गर्दी असेल." बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर बंद पडलेल्या डब्यांत अडकलेल्या लोकांचा आरडाओरडा ऐकून त्यांना घरातली शांतता नेहमी चांगलीच वाटायची.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, आणि केस रंगवायचा दिवसही.

या दिवसाची घरात एक ठरलेली पद्धत होती. न्हाणीघराच्या दारात स्टूल. खाली जुनी वर्तमानपत्रं. आईच्या खांद्यांवर एक फाटकी चादर, जिच्यावर इतक्या वर्षांचे काळे-तपकिरी डाग होते की मूळ रंग कुणालाच आठवत नव्हता. कपाळाला आणि कानांना क्रीम, म्हणजे कातडीला डाग पडू नयेत. प्लॅस्टिकच्या वाटीत दोन नळ्या पिळून रंग कालवायचा. पुढचे केस आई स्वतः आरशात बघून रंगवायची. मागची बाजू मात्र भोंग्याकडे होती, कारण आईचा उजवा खांदा धरला होता, हात डोक्यामागे जात नव्हता. आणि सगळं झालं की वाटीत उरलेला रंग बाबांच्या मिशांना. त्यासाठी त्यांचा एक जुना दात घासायचा ब्रश राखून ठेवलेला होता. खोक्यावर हसणाऱ्या बाईचं चित्र होतं, मिशीचा उल्लेख कुठेच नव्हता, पण वाया कशाला घालवायचं?

"मागच्या खेपेला दोन आठवडे झाले का गं?" भोंगा वाटीत ब्रश फिरवत म्हणाली. "आधी तर महिन्याने करायचो."

"मुळं दिसायला लागलीत."

"मला तर नाही दिसत."

"तुला नाही दिसणार. मला दिवसभर दिसतात."

ते खरंच होतं. आई चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. लोकांच्या नाकावर फ्रेम चढवायची, कानामागे दांडी नीट बसवायची आणि म्हणायची, "बघा बरं आरशात." दुकानाला तीन बाजूंनी आरसे. गिऱ्हाईक आपला चेहरा बघायचं, आणि त्याच्या मागे वाकलेल्या आईला आपलं डोकं दिसायचं. समोरून, बाजूने आणि मागून. भांगातली एक पांढरी रेघ तिथे तिप्पट व्हायची.

"चला, माझं काम सुरू," भोंगा म्हणाली आणि चिमट्याने मागचे केस वर उचलले. तिची टकळीही सुरू झाली होती, जांभळा नक्की कुठला घ्यावा, कानाजवळची बट घ्यावी की मानेवरची, शाळेत बाई काय म्हणतील. आई "हं" म्हणत होती. प्रत्येक "हं" आधीच्यापेक्षा थोडा खाली घसरत होता.

"आई, मान ताठ ठेव. झोपतेस काय?"

"हं."

भोंग्याने डाव्या कानामागचे केस बाजूला सारले, आणि ब्रश हवेतच थांबला.

कानामागची कातडी लालबुंद होती. त्यावर मोहरीएवढ्या पाणीदार पुळ्या, काही फुटून खपली धरलेल्या. तिने उजवा कान पुढे केला. तिथेही तेच. केसांच्या रेषेवर, मानेपर्यंत.

"हे काय आहे?"

"घामोळं."

"दोन्ही कानांमागे मोजून मापून घामोळं?"

"अगं, लाव ना पटकन. कालवलेलं वाया जाईल."

"थांब, मलम लावते आधी. मलम कुठाय?"

"माझ्या पिशवीत... नको, थांब, मी आणते!"

स्टुलावरून आई ज्या झपाट्याने उठली, तो झपाटा घराने कित्येक आठवड्यांत पाहिला नव्हता. पण भोंगा तोवर पिशवीपाशी पोचली होती. मलम काही सापडलं नाही. चष्म्याचं एक घर सापडलं, दुकानातलं, आतून मखमल लावलेलं. उघडलं तर आत चष्मा नव्हता. गोळ्यांचं पाकीट होतं, दोनच गोळ्या उरलेलं.

"ह्या कसल्या?"

आई चादर सावरत दारातच उभी राहिली. अर्धं डोकं काळ्या लेपाने चोपडलेलं, अर्धं कोरडं.

"खाजेच्या आहेत. औषधाच्या दुकानातून आणल्या. रंग लावायच्या आदल्या दिवशी एक घ्यायची, मग आठ-दहा दिवस सकाळ-संध्याकाळ. तेवढ्यात खाज बसते. जरा पेंग येते, बस्स."

"जरा?"

"असू दे गं."

"आणि खाज पुरती बसते न बसते तोवर पुन्हा रंग?"

भोंग्याला काल पलंगाच्या कडेवर बसलेली आई आठवली. "कर." म्हणजे ती परवानगी नव्हतीच. ती पेंग होती.

तिने खोक्यातला चुरगळलेला कागद उलगडला. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. दर खेपेला हा कागद वाटीखाली ठेवायला कामी यायचा. गिऱ्हाइकांपुढे बारीक अक्षरांचा तक्ता धरून "ही शेवटची ओळ वाचता येते का?" असं दिवसभर विचारणाऱ्या बाईच्या घरी, स्वतःच्या खोक्यावरची ओळ कुणी वाचली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. भोंग्याने ती ओळ मोठ्याने वाचली. म्हणजे, तिच्या परीने हळूच.

"पुरळ किंवा सूज आल्यास हे उत्पादन पुन्हा कधीही वापरू नये. डॉक्टरांना दाखवावे."

"सगळ्या खोक्यांवर असंच लिहितात," आई म्हणाली.

"काय चाललंय?" म्हणत बाबा आले. त्यांना वाट बघवली नसावी. मघाशीच वाटीत ब्रश बुडवून ते आरशासमोर गेले होते आणि अर्धी मिशी उरकून आले होते. डावी बाजू कोळशासारखी काळी, उजवी पांढरी. इतर कुठल्याही दिवशी भोंगा जमिनीवर लोळून हसली असती. आज तिने फक्त आईचा कान पुढे करून दाखवला.

बाबांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "अगं, हे कधीपासून?"

"असेल दोन-तीन खेपांपासून."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही काय करणार होतात? स्क्रू पिळणार होतात?"

बाबा खाली, वर्तमानपत्रावरच बसले. "मग सोड ना रंग. मेंदी लाव."

"वा! आणि डोक्यावर गाजरं उगवून काउंटरवर उभी राहू?"

"मग पांढरे राहू देत. माझ्या मिशा नाहीत का पांढऱ्या?"

"कुठायत? अर्ध्या तर रंगवून आलात."

बाबांनी मिशीला हात लावला, बोट काळं झालं, ते त्यांनी वर्तमानपत्राला पुसलं.

आई पुन्हा स्टुलावर टेकली. आता बोलायला लागली ती कुणाकडे न बघता, फरशीशी बोलल्यासारखी. "परवा मालक म्हणाले, ताई, हल्ली दमलेल्या दिसता. आत मशीनवर बसा की. बसून काम आहे. किती गोड बोलले. काउंटरवर नवीन पोरगी आणलीय, ती सगळं माझ्याकडूनच शिकतेय. आत म्हणजे काचा घासायच्या खोलीत. खिडकी नाही, माणूस नाही, नुसती घरघर. माझ्या आधीच्या बाईंना असंच आत बसवलं. त्यांचे केस पिकले होते. आत गेल्या, आणि मग एक दिवस घरी. मला लोकांशी बोलायला आवडतं गं. एखाद्याला पहिल्यांदा नीट दिसतं ना, तेव्हा तो आधी माझ्याकडे बघतो. ते मला सोडायचं नाहीये." तिने हात डोक्यामागे न्यायचा प्रयत्न केला, खांद्याने तो अर्ध्यातच अडवला. "लाव आता. ही एक खेप लाव. पुढचं पुढे बघू."

नळ ठिबकत होता. वाटीतल्या रंगावर तपकिरी साय धरायला लागली होती.

भोंग्याच्या मनात कितीतरी बोलायचं होतं. मालकांच्या दुकानात जाऊन आरसे हलतील एवढ्या आवाजात बोलावं असंही वाटून गेलं. पण मालकांनी तर "बसून काम करा" एवढंच म्हटलं होतं. त्यावर कुणी कसं ओरडणार? आणि ओरडून आईचं काउंटर राहील असं तिला कुणी सांगितलं होतं? आपल्या मोठ्या आवाजाचा पहिल्यांदाच तिला काही उपयोग दिसेना. तिलाही दमल्यासारखं झालं. या मानेमागे ती महिनोन्‌महिने उभी होती, ब्रश चालवत होती, जीभ चालवत होती, आणि खालची कातडी तिने आज पाहिली होती.

"आई, मुळात कसे आहेत गं तुझे केस? सगळे पांढरे की थोडे?"

आईने विचार केला. "मला तरी कुठे माहितेय?" ती म्हणाली, आणि किंचित हसली. "वाढूच दिले नाहीत कधी. चल, लाव."

भोंग्याने वाटी उचलली. न्हाणीघरात गेली आणि ती नळाखाली उपडी केली. काळं पाणी गोल गोल फिरत मोरीत उतरलं.

"अगं, अगं! माझी मिशी!" बाबा ओरडले.

"वेडी झालीस का?" आई म्हणाली. तिच्या आवाजाला कित्येक दिवसांनी धार आली होती, आणि ती ऐकून भोंग्याला उगाच बरं वाटलं. तिने ओल्या टॉवेलाने आईच्या पुढच्या केसांवरचा लेप पुसायला घेतला, कपाळापासून मागे, हळूहळू, कान टाळत. आई दोनदा मान काढून घेऊ गेली. तिसऱ्यांदा नाही गेली.

मग भोंगा स्टुलासमोर, दोघांना दिसेल अशी उभी राहिली. हातमोजे तिच्या हातांना मोठे होते, बोटांची टोकं रिकामी लोंबत होती. ते तिने काढले.

"आई, बाबा, ऐका. मी ठरवलंय. मालकांचं काय करायचं ते मला माहीत नाही. तुझं काउंटर राहील की जाईल, तेही नाही माहीत. पण मागची बाजू माझ्याकडे आहे, तुझा हात तिथे पोचत नाही, आणि ती मी आजपासून रंगवणार नाही. बाबा, तुम्हीही ती रंगवायची नाही. उद्या आपण तिघं डॉक्टरांकडे जाऊ, मी शाळा बुडवेन. आणि ती माझी जांभळी बट, ती मी करत नाहीये. काल तू हो म्हणालीस ते मी धरत नाही. तुझी ती पेंग उतरली, तू पुरती जागी झालीस, की मी पुन्हा विचारेन, आणि तेव्हा तू मला चांगलं ओरडून नाही म्हणायचंस."