अर्ध्या मिलिमीटरची फट

रविवारची दुपार होती, घरात कोणी नव्हतं, आणि जेवणाच्या टेबलावर मुलीचा शाळेचा प्रकल्प एकटाच सापडला होता. तपासनीसांना याहून मोठा मोह दुसरा नव्हता.

तपासनीस म्हणजे पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातले गुणवत्ता तपासनीस. खिशात एखादे वेळी पेन नसेल, पण माप घ्यायचं व्हर्निअर असायचंच. कारखान्यात त्यांचं एक वाक्य सगळ्यांना तोंडपाठ होतं: "सही झालेल्या मापाला हात लावायचा नाही! बदल हवा असेल तर सगळ्यांना विचारा, सगळ्यांच्या सह्या घ्या, मग काय ते करा." नवे कामगार जेवणाच्या सुट्टीत त्यांची हुबेहूब नक्कल करायचे.

घरात मात्र या नियमाला कायमची रजा होती. मुलगी चौथीत असताना तिची पवनचक्की बाबांनी केली. सहावीत झुलता पूल बाबांनी केला. आठवीतल्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राला तर जिल्ह्यात पहिला नंबर मिळाला, आणि ते बंद पडलं तेव्हा कुठली नळी कुठे जाते हे सांगायला बाबांना कामावरून बोलवावं लागलं. कपाटावर बक्षिसांची रांग होती. पाहुणे आले की मुलगी म्हणायची, "ही सगळी बाबांची. मी फक्त आणायला गेले होते." सगळे हसायचे. तपासनीसही हसायचे. त्यात आपल्याला काही लागावं असं आहे, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आपल्यापैकी कितीजणांच्या घरी याहून वेगळं चालतं, सांगा बरं?

या वेळी मात्र प्रकरण मोठं होतं. सरकारी इस्पितळाच्या मुलांच्या वॉर्डात बेसिनं मोठ्यांच्या उंचीची होती. चार-पाच वर्षांच्या मुलांचा हात नळापर्यंत पोचायचा नाही. कोणीतरी उचलून धरलं तर हात धुवायचे, नाहीतर तसेच. तिथल्या मेट्रननी तीन शाळांना विचारलं होतं, मुलांनीच मुलांसाठी काही करून देता येईल का? दोन पायऱ्यांचं लाकडी स्टूल ठरलं. तीस नग. बाजारातल्या शाळेनं पायऱ्या करायच्या, नदीकाठच्या शाळेनं त्या ज्यात बसतात त्या बाजूच्या फळ्या, आणि टेकडीवरच्या शाळेनं रंग आणि खाली रबराचे पाय. उद्याच्या नव्हे, त्यापुढच्या सोमवारी मेट्रन स्वतः तपासून घेणार होत्या.

तपासनीसांची मुलगी बाजारातल्या शाळेत नववीला होती. लहानपणापासून खिळे, स्क्रू, नट जे दिसेल ते खिशात कोंबायची, म्हणून घरात तिचं नाव खारूताई पडलं होतं. या वेळी तिच्याकडे मापाची जबाबदारी होती, आणि तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाबा, या वेळी हात लावायचा नाही हं. शपथ!"

"छे छे, मी कशाला लावतोय?" तपासनीस म्हणाले होते.

आणि आता ते टेबलाशी उभे होते.

समोर तळहाताएवढा लाकडी ठोकळा होता, मधे एक खाच. पायरीच्या दोन्ही टोकांना पुढे आलेली जी जीभ असते, ती या खाचेतून अलगद सरकली की माप बरोबर. असे तीन ठोकळे तिन्ही शाळांनी मिळून केले होते आणि प्रत्येकावर तिघांच्या सह्या होत्या. शेजारीच नकाशा होता. तपासनीसांनी सवयीनं व्हर्निअर काढलं. ठोकळ्याची खाच साडेसतरा मिलिमीटर. नकाशात फळीची खाच अठरा.

"अर्धा मिलिमीटर फट!" ते स्वतःशीच म्हणाले. "पोरांनी घोळ घातला. स्टूल डुगडुगणार, आणि आजारी पोर पडणार."

मुलीला फोन करून विचारता आलं असतं. पण ती हिरमुसली असती, मग वादावादी झाली असती. त्यांनी कानस काढली. दहा मिनिटांत ठोकळ्याची खाच बरोबर अठरा झाली, कडा पॉलिश पेपरनं गुळगुळीत झाल्या, भुसा पुसला गेला. सह्यांना धक्कासुद्धा लागला नाही. कुठे बोलायचं नाही, श्रेय घ्यायचं नाही. आपल्या मोठेपणावर तपासनीस जरा खूशच झाले.

संध्याकाळी खारूताई आली ती बोलत बोलतच. "बाबा, टेकडीवरच्या शाळेतली ती मुलगी काय भारी आहे! आम्ही तिला रंगवाली म्हणतो. आणि नदीकाठचा चष्मेवाला म्हणतो, पहिलं स्टूल जोडलं की त्यावर आमच्या मुख्याध्यापकांना उभं करूया, वजन झेपतं का बघायला!" तपासनीस हसत राहिले. सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे, त्यांनी राहू दिलं.

सगळा आठवडा कामाची धांदल उडाली. साठ पायऱ्या कापल्या, रंध्यानं जिभा तासल्या, प्रत्येक जीभ ठोकळ्यातून सरकवून पाहिली. मग माल टेकडीवर गेला, दोन हात रंग चढला. शनिवारी सकाळी नदीकाठच्या शाळेच्या वर्कशॉपमध्ये जोडणी होती, आणि पालकांनाही बोलावलं होतं.

वर्कशॉपमध्ये नुसता कल्ला होता! लाकडाचा आणि ताज्या रंगाचा वास, पिवळ्याधमक पायऱ्यांचे ढीग, निळ्या फळ्यांच्या रांगा, स्क्रू मोजणारी पोरं, उगाच इकडून तिकडे धावणारी पोरं. भिंतीशी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. ते चष्मेवाल्याचे आजोबा. सगळी हयात सुतारकामात गेलेली. नातवाच्या हातातलं पटाशीचं पातं निसटलं की त्यांचा खांदा उडायचा, पण हात काही पुढे यायचे नाहीत.

"पहिलं स्टूल!" चष्मेवाला ओरडला. सगळे गोळा झाले. खारूताईनं पिवळी पायरी उचलली, जीभ निळ्या फळीच्या खाचेवर टेकवली आणि दाबली.

जाईना.

तिनं पुन्हा दाबली. चष्मेवाल्यानं लाकडी हातोडीनं ठोकलं. रंगाचा एक पोपडा उडाला, पण जीभ तसूभरही आत गेली नाही. दुसरी पायरी घेतली, तिसरी घेतली. एकही जाईना.

"माप चुकलं तुमचं," चष्मेवाला म्हणाला.

"शक्यच नाही! एकेक मी स्वतः तपासली. हा बघ ठोकळा."

चष्मेवाल्यानं आपल्या शाळेचा ठोकळा आणला. खारूताईची रंगवायची राहिलेली एक जादा पायरी तिच्या ठोकळ्यात सरकली, त्याच्या ठोकळ्यात अडली. दोन्हीवर त्याच तीन सह्या.

मग रंगवाली हळूच म्हणाली, "अगं, ती अर्ध्या मिलिमीटरची फट रंगासाठीच होती ना? जिभेच्या दोन्ही बाजूंना रंग, खाचेच्या दोन्ही बाजूंना रंग. बेसिनचं पाणी सांध्यात मुरू नये म्हणून आतूनही रंगवायचं, असं आपलं तिघींचं... तिघांचं ठरलं होतं. मी चार वेळा रंगाची जाडी मोजून दाखवली होती."

रंग! लोखंडाच्या मापात आयुष्य घालवलेल्या त्यांच्या डोक्यात रंग आलाच नव्हता. पोरांच्या मात्र आला होता.

"ठोकळा तुझ्याकडेच होता," मागून कोणीतरी म्हणालं. "आता सोमवारी काय देणार? तुमच्या शाळेनं सगळ्यांचं वाटोळं केलं."

खारूताईचा चेहरा पांढराफटक पडला. "मी काही केलं नाही," ती म्हणाली. "मी मोजलं होतं... मला वाटतं मी... मीच चुकले असेन." आणि तिचे डोळे भरून आले.

तपासनीस जागच्या जागी खिळले. गप्प राहिलं तर? पोरांची चूक म्हणून सगळं मिटून जाईल. शिवाय इथे आलेल्या पालकांत त्यांच्या कारखान्यातले दोघे कामगार होते, तेच ते, नक्कल करणारे! पण जी मुलगी चूक नसताना चूक पत्करत होती, ती त्यांची मुलगी होती. तिचं पहिलंवहिलं स्वतःचं काम, आणि तेही आपण तिच्या हातून काढून घेतलं!

"तिनं नाही केलं!" ते एकदम म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की ते स्वतःच दचकले. "मी केलं. रविवारी ती घरी नव्हती. मला वाटलं, तुमचं चुकलंय. मी कानशीनं खाच वाढवली. कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही."

खारूताई त्यांच्याकडे बघत राहिली. "बाबा, शपथ घातली होती ना मी?"

तपासनीसांना काहीतरी करून दाखवायची घाई झाली. "काही काळजी करू नका! सगळ्या पायऱ्या गाडीत टाका. आमच्या कारखान्यात मशीन आहे, मी दुपारपर्यंत—"

"साहेब," भिंतीशी उभे असलेले आजोबा म्हणाले, "परत तेच करताय."

तपासनीस थांबले.

"हा नातू माझा," आजोबा शांतपणे सांगू लागले, "पहिल्या दिवशी करवत उलटी धरली यानं. माझ्या हातांना मुंग्या आल्या. म्हटलं, घ्यावी काढून आणि द्यावं दोन मिनिटांत कापून. पण मग करवत मला येते हे पुन्हा एकदा सिद्ध झालं असतं. ते तर गावाला माहीत आहे. याला कधी आली असती? लाकूड कापायला मी दोन वर्षांत शिकलो. हात मागे बांधून उभं राहायला या वयात शिकतोय, आणि खरं सांगतो, हे काम जास्त अवघड आहे."

"पण त्यांचं नुकसान होतंय ना!"

"तुम्ही म्हणाल, काळजीपोटी केलं. असेल. पण तुमच्या कारखान्यात कोणी न विचारता तुमचं माप बदललं, तर त्याला तुम्ही काळजी म्हणाल? या पोरांनी तीन शाळांतून येऊन, भांडून, मोजून एक गोष्ट ठरवली होती. ती लहान आहेत म्हणून तिच्यावरची सही खोटी ठरत नाही. विचारा त्यांना, आता काय करायचं. बघूया तर खरं!"

मागे उभे असलेले दोघे कामगार छताकडे पाहू लागले. तपासनीसांनी मान खाली घातली. मग मुलीकडे वळून, कारखान्यात मोठ्या साहेबांना विचारावं तसं विचारलं, "खारूताई, आता काय करायचं?"

खारूताईनं डोळे पुसले. बिघडलेला ठोकळा हातात घेऊन ती बराच वेळ उलटसुलट करत राहिली. मग अचानक म्हणाली, "पॉलिश पेपर किती जाड असतो?"

चष्मेवाल्यानं मापलं. "पाव मिलिमीटर."

"आणि खाचेला बाजू किती? दोन!" ती उडीच मारायची बाकी होती. "अरे, पॉलिश पेपर याच खाचेच्या आत दोन्ही बाजूंना चिकटवायचा. अर्धा मिलिमीटर भरून निघाला! आता हा नुसता मापाचा ठोकळा नाही, घासायचा ठोकळा झाला. जीभ आत घालून मागेपुढे रगडायची. शेवटपर्यंत सरकली की माप आपोआप बरोबर!"

"टोकं आधी कानशीनं जरा उतरवू, म्हणजे आत शिरतील," चष्मेवाला म्हणाला.

"आणि मी मागोमाग रंगवत जाते," रंगवाली ओरडली. "फक्त जिभा! पंख्यासमोर ठेवल्या तर उद्या सकाळी हात लावता येईल."

मग काय विचारता! तिन्ही शाळांचे ठोकळे खाच वाढवून तसेच करायचे ठरले, पण या वेळी सगळ्यांना विचारून. तीन रांगा लागल्या. कोण कुठल्या शाळेचं हे कळेनासं झालं, कारण सगळ्यांचीच डोकी पिवळ्या भुशानं माखली होती. "सरकली!" अशी आरोळी उठली की दुसऱ्या रांगेतून "आमची पण!" असं उत्तर यायचं. तपासनीस भिंतीशी आजोबांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे. एका मुलीनं ठोकळा तिरका धरला तेव्हा त्यांचा खांदा उडाला.

"होतं तसं," आजोबा म्हणाले. "दोन्ही हात एकमेकांत अडकवा, म्हणजे सुटत नाहीत."

रविवारी दुपारी तिसावं स्टूल जोडून झालं. चष्मेवाल्याच्या मुख्याध्यापकांना खरोखरच एकावर उभं केलं, आणि स्टूल हूं की चूं करेना!

सोमवारी मेट्रननी एकेक स्टूल हलवून पाहिलं, वर पाणी ओतलं, बुटानं ढकलून पाहिलं. मग एक स्टूल उचलून बेसिनसमोर ठेवलं. हाताला पट्टी बांधलेली एक चिमुरडी पहिली पायरी चढली, दुसरी चढली. तिची आई नळ सोडायला पुढे झाली.

"मी! मीच!" चिमुरडी ओरडली. तिनं नळ फिरवला, दुसऱ्या हातावर पाणी घेतलं आणि स्वतःवरच खूश होऊन सगळ्यांकडे वळून पाहिलं. मुलांनी वॉर्ड डोक्यावर घेतला. मेट्रननीसुद्धा त्यांना गप्प केलं नाही.

मंडळी, मुलांवरच्या मायेपोटीच आपण त्यांच्या हातातलं काम काढून घेतो, आणि मग म्हणतो, या पिढीला काही येत नाही! त्यांचं चुकेल, वाकडं होईल, उशीर लागेल, होऊ द्या. सल्ला मागितला तर जरूर द्यावा, शंका आली तर सरळ विचारावं. पण त्यांनी ठरवलेल्या मापाला त्यांच्या पाठीमागे हात लावू नये. पोरं काय करू शकतात हे आपल्याला कळत नाही, कारण आपण त्यांना ते पुरतं करूच देत नाही.

तो ठोकळा आता तपासनीसांच्या घरी कपाटावर आहे, सगळ्या बक्षिसांच्या पुढे. त्यावर तीन मुलांच्या सह्या आहेत आणि खाली चौथी एक, मुलांनी त्यांना समोर बसवून करायला लावलेली: "बदल न विचारता केला. बाबा." परवा पाहुणे आले तेव्हा त्यांनी विचारलं, "हे कोणाचं?"

तपासनीस काही बोलायच्या आत खारूताई म्हणाली, "माझं. आमचं."