वॉकरमार्फत

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दत्तोजीराव इंगळ्यांनी आपल्या मुलीला, वनजाला, चार वेळा हाक मारली. एकदा मोसंबं सोलायला, एकदा पंखा कमी करायला आणि दोनदा सुम्ने, म्हणजे उगाचच. अकरा वर्षं आपण हिच्याशी बोलत नाही, हे ते साफ विसरले होते.

दोन हजार सहा साली ते मैसूरच्या आपल्या समाजसंघात अध्यक्षपदाला उभे राहिले आणि एका मताने पडले. "घरचंच मत फुटलं," एवढं बोलून ते गप्प झाले. वनजाने हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. पुढच्याच महिन्यात आई गेली. कुणाकुणाला कळवायचं, तेही त्यांनी भिंतीकडे बघून सांगितलं.

मग अकराव्या वर्षी त्यांच्या मेंदूतल्या पाण्याची वाट बंद झाली. पाणी तुंबलं, पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले, आठवणी विरल्या. आणि एका सकाळी त्यांनी विचारलं, "वनू, काफी झाली काय गं?" घरात माणसं दोनच, पण आनंदाच्या भरात तिने तीन कप केली.

सर्जन म्हणाले, "कवटीला लहानसं भोक पाडून दुर्बीण आत घालायची आणि आतल्या पोकळीच्या तळाला छिद्र करायचं. पाण्याला नवी वाट मिळते. चालणं सुधारतं, आठवणही बरीच परत येते."

"बरीच म्हणजे कुठली?"

"मॅडम?"

"दोन हजार सहाची निवडणूक सोडून बाकीची येऊ देता येईल का?"

सर्जननी चष्मा काढला. "आम्ही पाणी सोडतो, मॅडम. आठवणी निवडत नाही."

"आणि नाही केलं तर?"

"आधी नजर जाईल. मग शुद्ध."

वनजाने सही केली.

चौथ्या दिवशी दत्तोजीराव वॉकर धरून खिडकीपर्यंत सरळ चालत गेले. सर्जननी वार विचारला, महिना विचारला. दोन्ही बरोबर. "आणि या कोण?"

दत्तोजीरावांनी वनजाकडे नीट पाहिलं. मग मान खाली घालून वॉकरला म्हणाले, "तिला सांग, काफीत साखर जास्त पडलीय."

"एक्सलंट!" सर्जन म्हणाले. वनजाला रडू फुटलं. नर्सने तिच्याकडे पेढे मागितले.

पंधरा दिवसांत चालायला वॉकर लागेनासा झाला. वनजाशी बोलायला मात्र लागायचा, म्हणून तो दुकानाला परत गेला नाही. न्याहारीला तो टेबलाशी उभा असे. माणूस बरा झाला म्हणून लोक नारळ घेऊन भेटायला येत. वनजा त्यांना काफी देई आणि मनातल्या मनात सुतक पाळी.

एका सकाळी दत्तोजीरावांनी डोश्याचा तुकडा मोडता मोडता वॉकरला विचारलं, "ही आजकाल अशी गप्प का? विचार जरा."

वनजाने गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर येऊन बसली.

"अप्पा, ते मत माझंच होतं. डॉक्टरांनी आईला एक महिना दिला होता, आणि तिने तुम्हांला सांगू दिलं नाही. निवडून आला असता तर रोज संध्याकाळी संघात बसला असता. ती दिवे लागले की दाराकडे बघत राहायची. म्हणून मी तुम्हांला पाडलं."